डायनासोरची मॉडेल्स जमवताना: आधी मोजपट्टी, मग खरेदी, कपाट सगळ्यात शेवटी

डायनासोरची मॉडेल्स जमवणाऱ्या बहुतेकांचं गणित एकाच जागी चुकतं. आवडलं ते घेतलं, घरी आणलं आणि मोकळी जागा दिसली तिथे ठेवून दिलं. वर्षभरात स्टेगोसॉरस टायरॅनोसॉरसपेक्षा मोठा दिसू लागतो, डिप्लोडोकसची शेपटी कपाटाच्या दारात अडकते आणि दोन पायांवर उभं असलेलं जवळजवळ प्रत्येक मॉडेल एकदा तरी नाकावर आपटतं. यातलं बरंचसं टाळता येतं, फक्त कामांचा क्रम बदलावा लागतो. तो क्रम पुढे देतो आहे. मधली एखादी पायरी गाळली तर पुढच्या पायऱ्या दोनदा कराव्या लागतात. लेखात मॅमथ, डिमेट्रोडॉन, टेरॅनोडॉन हेही येतील. ते डायनासोर नाहीत, पण त्यांना ठेवायचं कपाट तेच असतं.

## १. पहिलं मॉडेल घेण्याआधी: जागा मोजा, सीमा आखा

कपाट बाहेरून मोजू नका, आतून मोजा. तीन मापं लागतात: आतली रुंदी, आतली खोली आणि दोन फळ्यांमधली उंची. काचेचं दार असेल तर बिजागरी आणि दाराची चौकट किती जागा खातात ते वजा करा. जे उरेल त्यातून प्रत्येक बाजूने दोन सेंटिमीटर आणखी सोडा. हात आत घालायला आणि धूळ झटकायला तेवढी जागा लागतेच.

बहुतेक जण रुंदी मोजतात आणि खोली विसरतात. पुस्तकांच्या साध्या कपाटाची खोली साधारण २५ ते ३० सेंमी असते. ३१ सेंमीचा टायरॅनोसॉरस त्यात समोर तोंड करून उभा राहत नाही, त्याला आडवाच ठेवावा लागतो. असे तीन आडवे ठेवले की फळी भरली.

आता सीमा. सगळंच जमवायचं म्हटलं की संग्रहाला आकार येत नाही. काळ, खडकस्तर (एका काळात एका भागात साचलेले खडक, ज्यांत जीवाश्म सापडतात), प्राणिगट, कंपनी किंवा स्केल (खऱ्या प्राण्यापेक्षा मॉडेल किती पट लहान) यांपैकी एक सीमा धरा आणि ती एका वाक्यात लिहून ठेवा. ‘मॉरिसन खडकस्तरातले प्राणी, १:४०’ ही सीमा झाली. ‘छान छान मॉडेल्स’ ही सीमा नव्हे. कंपनी ही सीमा मला सगळ्यात लंगडी वाटते, कारण एकाच कंपनीचे शिल्पकार बदलतात, स्केल बदलतं, रंगकामाचा दर्जाही वरखाली होतो. खडकस्तर ही सीमा सगळ्यात टिकाऊ. प्राणी मोजके असतात आणि ते खरोखर एका परिसरातले असतात.

तपासा: हवं असलेलं सर्वात मोठं मॉडेल कुठलं ते ठरवा. त्याच्या लांबी-रुंदीचा वर्तमानपत्राचा तुकडा कापा आणि फळीवर पसरा. कागद फळीबाहेर आला तर सीमा बदला किंवा स्केल बदला. कपाट बदलण्याचा विचार आत्ताच नको.

## २. स्केल ठरवा, आणि स्वतः मोजा

स्केल म्हणजे खऱ्या प्राण्याच्या मापाला मॉडेलच्या मापाने भागल्यावर येणारा आकडा. या छंदात १:४० आणि १:३५ ही दोन स्केल सर्वाधिक चालतात. कलेक्टा या कंपनीची डिलक्स मालिका १:४० म्हणून विकली जाते. १९८८ ते २०१५ या काळात निघालेली कार्नेगी मालिकाही १:४० सांगूनच विकली गेली. इओफौना ही कंपनी प्रत्येक मॉडेलचं स्केल जाहीर करते, बहुधा १:३५ किंवा १:४०. श्लाइख आणि पापो या कंपन्यांच्या नेहमीच्या मालिका मात्र एका स्केलच्या नाहीत. खोक्यात बसेल, मुलाच्या हातात मावेल अशा बेताचे त्यांचे प्राणी असतात, त्यामुळे वेलोसिरॅप्टर आणि टायरॅनोसॉरस यांच्यात जितका फरक हवा तितका दिसत नाही. मॉडेल म्हणून ते वाईट नाहीत. १:४० च्या फळीवर मात्र ते बसत नाहीत.

खरे आकडे हाताशी ठेवा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला ‘सू’ हा टायरॅनोसॉरस १२.३ मीटर लांब आहे. म्हणजे १:४० मध्ये सुमारे ३१ सेंमी आणि १:३५ मध्ये सुमारे ३५ सेंमी. बर्लिनच्या संग्रहालयातला जिराफाटायटनचा सांगाडा १३.२७ मीटर उंच आहे. १:४० मध्ये त्याला ३३ सेंमी उंची लागते आणि बहुतेक फळ्या तिथेच हात टेकतात. डिप्लोडोकस २४ ते २६ मीटरचा धरला तर ६० ते ६५ सेंमी. याउलट वेलोसिरॅप्टर जेमतेम दोन मीटरचा, १:४० मध्ये फक्त ५ सेंमी! लहान प्राण्यांची हौस असेल तर १:४० ची सीमा तुम्हाला निराश करेल. तशांसाठी बीस्ट्स ऑफ द मेसोझोइकच्या १:६ रॅप्टर मालिकेसारखं वेगळं स्केल आणि वेगळी फळी ठेवावी.

मोजायचं कसं: पट्टीने नाक ते शेपटी सरळ अंतर मोजणं ही नेहमीची चूक. मॉडेलची शेपटी वळलेली असते, मान उचललेली असते. जाड दोरा घ्या. एक टोक नाकाच्या शेंड्यावर बोटाने दाबून धरा आणि दोरा कवटीवरून, मानेवरून, पाठीच्या कण्याच्या रेषेने शेपटीच्या टोकापर्यंत न्या. कण्यावर काटे किंवा शीड असेल तर दोरा त्यांच्यावरून चढवू नका, त्यांच्या बुडाशी बाजूने न्या. शेपटीच्या टोकाशी पोचलात की दोरा तिथे चिमटीत धरा, सरळ करा आणि पट्टीवर ठेवा. वळलेल्या शेपटीच्या टायरॅनोसॉरसचं सरळ अंतर २४ सेंमी भरलं तर तुम्ही त्याला १:५० समजाल. दोऱ्याने तोच ३१ सेंमी निघाला तर तो १:४० आहे.

शेपटी मुद्दाम आखूड केलेली मॉडेल्सही असतात, म्हणून दुसरं एक माप पडताळून पाहा. मोठ्या टायरॅनोसॉरसची कवटी साधारण १.४ मीटर, म्हणजे १:४० मध्ये साडेतीन सेंमी. दोन्ही मापांवरून येणारी स्केल फार वेगळी निघाली तर शिल्पकाराने डोकं फुगवलेलं आहे. हे फार वेळा घडतं, कारण जबडा मोठा असला की मॉडेल खपतं. सस्तन प्राण्यांसाठी लांबी विसरा, खांद्यापर्यंतची उंची घ्या. लोकरी मॅमथ ३ मीटर धरला तर १:४० मध्ये साडेसात सेंमी.

तपासा: १.८ मीटर उंचीचा माणूस १:४० मध्ये ४.५ सेंमी होतो. पुठ्ठ्याचा तेवढा माणूस कापून खिशात ठेवा आणि विकत घेताना मॉडेलशेजारी धरा. आकडेमोडीपेक्षा डोळ्याला हे लवकर पटतं. १:३५ हे रणगाड्यांच्या मॉडेल्सचंही रूढ स्केल आहे, त्यामुळे त्या मापाची तयार माणसं सहज मिळतात.

## ३. घेण्याआधीची तपासणी

ही तपासणी दोन भागांत करा. आधी प्राणी बरोबर आहे का, मग मॉडेल अस्सल आणि धड आहे का.

### प्राणी बरोबर आहे का

यादी लांबवता येईल, पण हातापायांकडे पाहिलं तरी निम्मा निकाल लागतो.

– मांसाहारी डायनासोरचे तळवे एकमेकांकडे वळलेले हवेत, जमिनीकडे नव्हेत. मनगट खाली झुकवलेली मॉडेल्स अजूनही बाजारात भरपूर आहेत.

– टायरॅनोसॉरसच्या हाताला दोन बोटं, अ‍ॅलोसॉरसच्या हाताला तीन.

– डिप्लोडोकससारख्या लांबमानेच्या पुढच्या पायाला हत्तीसारखी नखांची रांग नसते. एकच नख, तेही अंगठ्याचं.

– शेपटी जमिनीवर लोळत असेल तर मॉडेल जुन्या समजुतीचं आहे.

– स्टेगोसॉरसच्या पाठीवरचे पत्रे दोन रांगांत, एकाआड एक. शेपटीचे चार काटे आभाळाकडे नाही, बाजूंना.

– वेलोसिरॅप्टर उघड्या कातडीचा असेल तर चूक. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या बुडांच्या खुणा आहेत, हे २००७ सालीच छापून आलं.

– टायरॅनोसॉरसला मात्र खवले दाखवले तर तक्रार करू नका. त्याच्या कातडीचे जे ठसे मिळाले आहेत ते खवल्यांचेच आहेत.

स्पायनोसॉरस घेताना मॉडेलचं वर्ष नक्की पाहा. २०१४ मध्ये त्याचे मागचे पाय आखूड असल्याचं पुढे आलं आणि २०२० मध्ये शेपटी वल्ह्यासारखी रुंद असल्याचं. त्याआधीचं मॉडेल लांब पायांचं आणि बारीक शेपटीचं असणारच. ते घेऊ नये असं नाही. माझ्या मते अशा जुन्या मॉडेल्सना वेगळी फळी द्यावी. नव्यांच्या मधोमध ठेवली की दोन्ही बिचारी दिसतात.

### मॉडेल अस्सल आहे का

मॉडेल उलटं करा. पोटावर, मांडीच्या आत किंवा तळपायावर कंपनीचं नाव, वर्ष आणि बहुधा प्राण्याचं नाव साच्यातच कोरलेलं असतं. ही अक्षरं पुसट असतील, खरवडलेली असतील किंवा तिथे नुसतंच गुळगुळीत असेल तर सावध व्हा. पापोच्या टायरॅनोसॉरसच्या नकला सगळीकडे फिरतात आणि फोटोत त्या चांगल्या फसवतात. नक्कल बहुधा अस्सल मॉडेलवरूनच साचा काढून केलेली असते, त्यामुळे ती किंचित लहान होते आणि खवल्यांचे बारकावे बोथट होतात. डोळे आणि दात यांच्यावरचा रंग रेषेबाहेर गेलेला दिसतो. उघडताच डोकं धरेल असा रसायनाचा वास येतो.

सावधान: कोरलेलं वर्ष हे बहुधा शिल्पाच्या हक्काचं असतं, ते मॉडेल कारखान्यातून निघालं त्या वर्षाचं नव्हे. त्यावरून ‘जुनं, दुर्मीळ’ म्हणून जादा पैसे मोजू नका.

ऑनलाइन जुनं मॉडेल घेताना तीन फोटो मागा: तळपाय, पोट आणि शेपटीचं टोक. एका फोटोत शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. जो विक्रेता तळपायाचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याचं मॉडेल बहुधा उभं राहत नाही.

## ४. घरी आल्यावर: थेट कपाटात नाही

नवं मॉडेल असलं तरी धुऊन घ्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा पातळ थर कधी कधी राहिलेला असतो आणि त्यावर धूळ चिकटते. कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. खवल्यांच्या दिशेने हलक्या हाताने घासा, साध्या पाण्याने धुवा, पंख्याखाली वाळवा. पोकळ मॉडेल असेल तर सांध्यांतून पाणी आत जातं. ते हलवून पाहा, खळखळ ऐकू आली तर पाणी निथळेल असं तिरकं ठेवून दोन दिवस थांबा.

अ‍ॅसिटोन, थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही वापरू नका. डाग निघतो, सोबत रंगही निघतो.

जुनं मॉडेल हाताला चिकट लागत असेल तर तो मळ नाही. मॉडेल ज्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकचं असतं, त्यात मिसळलेलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) पृष्ठभागावर येतं आहे. लिक्विडने धुतलं की काही महिने बरं राहतं, मग पुन्हा येतं. टाल्कम पावडर चोपडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पावडर बारकाव्यांत जाऊन बसते आणि त्रास नुसता झाकला जातो. अशी मॉडेल्स हवेशीर ठेवा, दुसऱ्या प्लास्टिकला टेकू देऊ नका, आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नका.

वार्निशबद्दल एवढंच: मऊ पीव्हीसीवर स्प्रेच्या डब्यातलं वार्निश मारू नका. बरेचदा ते कधीच नीट वाळत नाही आणि कायमचं चिकट राहतं. लावायचंच असेल तर पाण्यात विरघळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश, ब्रशने, आधी पोटावर छोट्याशा जागी लावून बघून.

## ५. वाकलेले पाय सरळ करणे

सर्वाधिक मॉडेल्स इथे खराब होतात. माणसं घाई करतात, उकळत्या पाण्यात अख्खा प्राणी टाकतात आणि मग रंग फुगला म्हणून हळहळतात.

आधी ठरवा की हे मॉडेल गरम पाण्यात घालण्यासारखं आहे का. रेझिनचं असेल तर नाही. ते जड, थंड आणि कडक लागतं, वाकत नाही, तुटतं. सांधे हलणारं, आत बॅटरी असलेलं किंवा लव चिकटवलेलं असेल तरी नाही. भरीव किंवा पोकळ पीव्हीसी चालतं, पण पोकळ मॉडेलचं धड पाण्यात बुडवू नका. आतली हवा गरम होऊन फुगते आणि जोड उकलू शकतात.

१) दोष कुठे आहे ते शोधा. मॉडेल सपाट काचेवर ठेवा आणि डोळे काचेच्या पातळीवर आणून बघा. दोन पायांचा प्राणी पुढे झुकत असेल तर शंभरात नव्वद वेळा घोट्यात वाकलेला असतो, गुडघ्यात नाही. लोक गुडघा वाकवतात आणि मग प्राणी मागे पडतो.

२) पाणी उकळा, आच बंद करा, थोडं निवू द्या. ७० ते ८० अंश पुरे. शेजारी बर्फ घातलेल्या पाण्याचं भांडं तयार ठेवा. ते आधीच भरून ठेवायचं, नंतर शोधाशोध करायची नाही.

३) जाड रबरी हातमोजे घालून मॉडेल धडाशी धरा आणि फक्त घोट्यापर्यंत बुडवा. ३० ते ४० सेकंद. पाय जाड असेल तर मिनिटभर.

४) बाहेर काढून हळू वाकवा. हव्या त्या स्थितीच्या थोडं पुढे न्या, कारण प्लास्टिक थोडं परत येतं. विरोध जाणवला तर जोर लावू नका, परत बुडवा.

५) त्याच स्थितीत धरून थंड पाण्यात घाला आणि दोन मिनिटं हलू नका. बोटं गारठतात, पण इथे हात सोडला तर सगळं वाया जातं.

६) पुन्हा काचेवर ठेवून बघा. टेकू देऊन एक दिवस तसंच राहू द्या.

सावधान: पीव्हीसी आपला मूळ आकार विसरत नाही. साच्यातून जसं निघालं तसं व्हायला ते गरम हवेत पुन्हा बघतं. म्हणून सरळ केलेल्या दोन पायांच्या मॉडेलला कायमचा टेकू द्यावा. पीएनएसओ या कंपनीची काही मॉडेल्स पारदर्शक दांडीसह येतात. ती दांडी ‘दिसायला बरं नाही’ म्हणून अडगळीत टाकू नका. दांडी नसेल तर अ‍ॅक्रिलिकची पातळ दांडी पोटाच्या मापाने कापून मागच्या बाजूने लावली की समोरून दिसत नाही.

## ६. कोण कोणाशेजारी

कागदावर आराखडा काढा, मॉडेल्स अजून कपाटात नकोत.

एका फळीवर एक परिसर हा माझा नियम. काही तयार जुळण्या, प्रत्येकीत आधी खडकस्तराचं नाव:

मॉरिसन, उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी: अ‍ॅलोसॉरस, स्टेगोसॉरस, सेराटोसॉरस, डिप्लोडोकस, कॅमारासॉरस.

हेल क्रीक, तोच खंड, ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी: टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, एडमॉन्टोसॉरस, अँकिलोसॉरस, पॅकिसेफॅलोसॉरस.

यिशियन, चीनचा लिआओनिंग प्रांत, सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वी: युटायरॅनस, सायनोसॉरोप्टेरिक्स, सिटॅकोसॉरस. पिसांची आवड असणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

जादोख्ता, मंगोलियाचं गोबी वाळवंट: वेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेराटॉप्स. ही जोडी नाटकी वाटली तरी खरी आहे. १९७१ मध्ये दोघांचे सांगाडे एकमेकांत अडकलेले सापडले.

स्टेगोसॉरसवर टायरॅनोसॉरस सोडू नका. दोघांत आठ कोटी वर्षांचं अंतर आहे. डिमेट्रोडॉनला वेगळी जागा द्या. तो पर्मियन काळातला, पहिल्या डायनासोरच्याही कितीतरी आधीचा, आणि नात्याने आपल्या सस्तन प्राण्यांना जवळचा. उडणाऱ्या टेरॅनोडॉनला वरची फळी द्यावी, समुद्रातल्या मोसासॉरस आणि प्लेसिओसॉर यांना निळ्या पाठीची पाण्याची फळी. मॅमथ, स्मायलोडॉन हे हिमयुगातले, त्यांचा कप्पा निराळा.

तपासा: फळीवरच्या प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे काळ आणि ठिकाण लिहा. एखाद्यापुढे काही सुचत नसेल तर तो त्या फळीवरचा नाही.

## ७. उभं करणे आणि उजेड

मोठं मागे, लहान पुढे, एवढ्यावर थांबलं की फळी लग्नाच्या ग्रुप फोटोसारखी दिसते, सगळे समोर बघत उभे. मॉडेल्स थोडी तिरकी वळवा, तोंडं फळीच्या आतल्या बाजूला. कडेला उभा असलेला प्राणी बाहेर बघत असेल तर आपली नजरही त्याच्यासोबत बाहेर जाते. मागच्या रांगेला तीन-चार सेंमी उंचीचा पारदर्शक ठोकळा द्या. लांब शेपट्या पुढच्या लहान प्राण्याच्या डोक्यावरून नेल्या तर निम्मी जागा वाचते. दोन मॉडेल्समध्ये एक बोट जाईल इतकी फट ठेवा, नाहीतर एक पडला की रांग पडते.

चिकटवण्यासाठी म्युझियम पुटी (पुन्हा काढता येणारी चिकटमाती), ज्वारीच्या दाण्याएवढी, फक्त तळपायाखाली. निळी चिकटमाती चालते, पण ती लाकडावर आणि कागदावर तेलकट डाग सोडते. सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने आजूबाजूचा रंग आणि अ‍ॅक्रिलिक पांढुरकं पडतं, आणि पुढे मॉडेल काढायला गेलात तर पाऊल फळीवर राहतं.

मऊ पीव्हीसी थेट अ‍ॅक्रिलिक, थर्मोकोल किंवा नुकत्याच रंगवलेल्या फळीवर महिनोन् महिने ठेवू नका. पाय चिकटतात आणि काढताना ठसा राहतो. खाली पॉलिएस्टरची पातळ फिल्म किंवा जाड पांढरा कागद कापून घाला.

उजेडासाठी एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, आतून, मागे तोंड करून लावा. मागच्या बाजूला लावली तर प्राण्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. अ‍ॅडॅप्टर कपाटाबाहेर ठेवा, कारण तोच तापतो. हॅलोजन दिवे नकोत. थेट ऊन तर अजिबात नको. उन्हाने रंग उडतो आणि बंद काचेच्या कपाटात तापमान इतकं चढतं की पाचव्या पायरीत केलेलं सगळं काम वाया जातं. खिडकीला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली तरी रंग उडणं फक्त मंदावतं.

## ८. जमीन आणि झाडं (हवी असतील तर)

साधी एकरंगी फळी पुष्कळदा उत्तम दिसते. तरी देखावा करायचाच असेल तर सर्वात मोठी चूक आधी सांगतो: हिरवं गवत. रेल्वे मॉडेलवाल्यांची तयार गवताची चटई स्वस्त पडते आणि लोक ती स्टेगोसॉरसच्या पायाखाली अंथरतात. ज्युरासिक काळात, म्हणजे स्टेगोसॉरसच्या काळात, गवत नव्हतं. त्यानंतरच्या क्रिटेशियसमध्ये, म्हणजे टायरॅनोसॉरसच्या काळात, ते होतं, याचा एक पुरावा मध्य भारतात मिळाला. डायनासोरांच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण गवताची मोकळी मैदानं त्याहून खूप नंतरची. ज्युरासिक फळीवर नेचे, सायकड, गिंकगो आणि सूचिपर्णी झाडं घ्या. फुलं नकोत.

मत्स्यालयातली प्लास्टिकची झाडं नेच्यांसाठी छान चालतात. ती मॉडेलला मात्र टेकू देऊ नका, त्यांचा रंग उतरून मऊ पीव्हीसीत शिरतो आणि मग निघत नाही.

क्रम असा: फोमची पाटी, त्यावर पुट्टी, मग वाळू, मग रंग, झाडं शेवटी. फोमवर स्प्रे रंग किंवा सॉल्व्हंटचा गोंद वापरला तर फोम विरघळतो, म्हणून पांढरा गोंद आणि पाण्याचे रंग. पुट्टी ओली असतानाच मॉडेलच्या पायाला स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळा, पाय हव्या त्या जागी दाबा, उचला. वाळल्यावर पाय त्याच खळग्यात बसतो, चिकटवायची गरज उरत नाही आणि पायाखाली वजनाने दबलेली माती दिसते. हे एवढंसं केलं तरी प्राणी जमिनीवर उभा वाटतो. नाहीतर तो जमिनीवर ठेवलेला वाटतो.

## ९. नोंद आणि देखभाल

स्प्रेडशीटमध्ये एका मॉडेलला एक ओळ: प्राणी, कंपनी, कोरलेलं वर्ष, दोऱ्याने मोजलेली लांबी, निघालेलं स्केल, कधी घेतलं, किती दिले, खोकं आहे का, काय दुरुस्ती केली. शेजारी तळपायाचा फोटो. पुढे विकताना किंवा तेच मॉडेल चुकून दुसऱ्यांदा घेताना ही ओळ उपयोगी पडते. दुसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

धूळ महिन्यातून एकदा, मेकअपच्या मऊ ब्रशने, वरून खाली. खाचांसाठी कॅमेऱ्याच्या लेन्सचा हातपंप. ओलं फडकं नको, धुळीचा चिखल होऊन तो खवल्यांत बसतो.

पाय झुकतात ते कळायला वेळ लागतो. मॉडेलच्या मागे कपाटाच्या पाठीवर, नाकाच्या उंचीवर पेन्सिलने बारीक रेघ मारा. महिन्याने नाक रेघेच्या तीन मिलिमीटर खाली आलं असेल तर टेकू देण्याची वेळ झाली. पडेपर्यंत थांबू नका, पडल्यावर शेपटीचं टोक जातं.

दमट हवेत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते.

काही मॉडेल्स बांधून ठेवायची असतील तर रद्दीत गुंडाळू नका, छपाईची शाई पीव्हीसीत उतरते. रबरबँडही नको, त्याचा तपकिरी पट्टा कायमचा राहतो. बिनछपाईचा पातळ कागद घ्या. आधी शेपटी, मग हात, मग धड असं गुंडाळा आणि मॉडेल पाठीवर किंवा कुशीवर झोपवा, पायांवर उभं नको. मूळ खोक्यातला पारदर्शक साचा जपून ठेवला असेल तर त्याहून चांगलं काही नाही, फक्त त्यातही मॉडेल आणि साचा यांच्यामध्ये कागद घाला.